पाच गावांत नसलेलं नाव

२७ फेब्रुवारी १९९८, शुक्रवार

आधी माफी मागतो. दादाभाऊने ही डायरी एक जानेवारीला आणून दिली. खताच्या दुकानात मिळालेली, वर कणसाचं चित्र. म्हणाला, "आबा, रोज लिहीत जा. काळजी कागदावर घाला, आईच्या कानात नको." दोन महिने होत आले, मी एक ओळ लिहिली नाही. चौथी शिकलेला माणूस, हात वळत नाही, हे एक. आणि एकदा काळज्या लिहायला घेतल्या तर पानं पुरतील का, ही दुसरी काळजी. उशीर झाला, चूक माझी. पण आज लिहिल्याशिवाय राहवत नाही.

नातू झाला!

सकाळी कांद्याला पाणी देत होतो. किराणावाला बांधावरून ओरडला, "हौशीरामभाऊ, पिंपरी पेंढारचा फोन हाय, पळा!" मी खोरं टाकलं आणि पळालो. एक चप्पल चिखलात राहिली, ती अजून तिथेच आहे. दुकानात पोचलो तर फोनवर व्याही भगवंत. "पावणं, मुलगा! पहाटं सहाला. पुष्पा बरी हाय, पोरगं बरं हाय." मी तीनदा विचारलं. तीनदा त्याने तेच सांगितलं. चौथ्यांदा विचारलं तेव्हा चिडला.

मग म्हणाला, "आन् पुष्पा म्हनती, नाव मामांनीच शोधायचं. दुसऱ्या कुनी न्हाई."

"मी?"

"तुमीच म्हनं," असं म्हणून भगवंत हसला. ते हसणं मला लागलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "पाच गावांत कुनाचं नसंल असं नाव ठेवीन, बघाच!" दुकानात सात-आठ गिऱ्हाइकं होती. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

दादाभाऊच्या लग्नाला सात वर्षं झाली. सात वर्षं घरात पाळणा नव्हता. सुनेने काय काय ऐकलं असेल ते मी इथे लिहीत नाही. आता देवाने दिलं आहे आणि तिने माझ्यावर एवढंच एक काम टाकलं आहे. मी कमी पडलो तर?

आमच्याकडची रीत अशी की बारशाच्या दिवशी आत्याने नाव बाळाच्या कानात सांगायचं. त्याआधी ते बाहेर फुटू द्यायचं नाही. बारसं दहा मार्चला.

प्रयागबाई म्हणाली, "बारा दिस? तुमच्या पोटात बारा मिनिटं कायी राहत न्हाई."

बेचाळीस वर्षांच्या संसारात हिने मला ओळखलं नाही.

२८ फेब्रुवारी

घोडेगावला जोशीबुवांकडे गेलो. त्यांनी पंचांग पाहून सांगितलं, कुंभ रास, शततारका नक्षत्र, अक्षर सू. ऱ्हस्व 'सु'सुद्धा चालेल म्हणाले. तिथूनच लेकीकडे, सुंदराकडे गेलो. ती बाळाची आत्या, नाव तीच सांगणार. ती म्हणाली, "आबा, मला आदल्या दिशी सांगा. आत्ता सांगू नका, मी जावंला बोलून जाईन." पोरगी आईवर गेली आहे.

घरी येऊन यादी केली. सुरेश, सुनील, सुभाष, सुदाम, सुखदेव.

प्रयागबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. मी एकेक वाचत गेलो.

"सुरेश गावात तीन हायेत. हाक मारली की तिघं बी येत न्हाईत."

"सुनील?"

"त्यो टेम्पोवाला? नगं बया."

"सुदाम?"

"लई गरीब व्हता त्यो. पोरानं जलमभर मूठभर पोहे घिऊन हिंडायचं का?"

"सुखदेव?"

"माझ्या थोरल्या नणंदेच्या दिराचं नाव. त्यो माणूस कधी हसला न्हाई."

यादी संपली.

१ मार्च, रविवार

सापडलं!

अंघोळ करत होतो. दुसरा तांब्या डोक्यावर ओतला आणि नाव आलं. सुदर्शन. मागे कधीतरी सप्ताहात कीर्तनात ऐकलेलं. तसाच ओल्या अंगाने बाहेर आलो. प्रयागबाई म्हणाली, "आधी धोतर नेसा." पण नाव ऐकून तिने विरोध केला नाही. ती विरोध करत नाही म्हणजे तिला आवडलं.

अर्थ नीट कळायला हवा म्हणून शाळेच्या गुरुजींच्या घरी गेलो. गुरुजी म्हणाले, "सु म्हणजे चांगलं. ज्याचं दर्शन चांगलं तो सुदर्शन. पाहताच बरं वाटावं असा. आणि विष्णूच्या हातातलं चक्र, तेही सुदर्शन." एका नावात रूपही आहे आणि हत्यारही आहे!

गुरुजींना शपथ घातली की कुणाला सांगायचं नाही. त्यांच्या मंडळी चहा घेऊन आल्या होत्या, त्यांनाही घातली. दोन शेजारी पेपर वाचायला बसले होते, त्यांनाही घातली. सगळी चांगली माणसं आहेत.

येताना भागू न्हाव्याकडे दाढी केली. त्याला मी नाव सांगितलं नाही. आडून विचारलं, "भागू, तुझ्याकडं एवढी डोकी येतात. त्यात कुनी सुदर्शन हाय का?" तो म्हणाला, "न्हाई बा. पर नाव झ्याक हाय. म्हंजे काय?" आता विचारल्यावर अर्थ तरी सांगायला हवा. सांगितला.

२ मार्च

शाळेत जाऊन पटावरची नावं मोजायला लावली. एकशे बारा पोरं. सचिन नऊ, सागर सात, गणेश सहा, विशाल पाच. सुदर्शन एकही नाही! पण पटात चूक असू शकते. कुणाचं घरचं नाव एक आणि शाळेतलं दुसरं असतं. म्हणून गुरुजींना गळ घातली. त्यांनी चारही वर्गांत जाऊन मोठ्याने विचारलं, "इथे कुणाचं नाव सुदर्शन आहे का?"

एकशे बारा पोरं एका आवाजात ओरडली, "न्हाई!"

असा आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

४ मार्च, बुधवार

भीमाशंकरला जाऊन आलो. नवस नव्हता, पण नाव देवाच्या कानावर घालावं म्हटलं. देवाला सांगितलं तर फुटत नाही.

एस.टी.त माझ्या मनात आलं, डोंगरापर्यंतची पाच-सात गावं या एकाच गाडीत बसली आहेत, अशी संधी परत येणार नाही. कंडक्टर भला माणूस होता. त्याने घंटी मारून सगळ्यांना गप्प केलं आणि विचारलं, "पावणंमंडळी, कुनाच्या गावात सुदर्शन नावाचं पोरगं आसंल तर हात वर करा." एकही हात वर आला नाही. एक बाई म्हणाली, "नाव कुनासाठी वो बाबा?" मी म्हणालो, "ते सांगता येत न्हाई. गुपित हाय. माझ्या नातवासाठी." सगळी गाडी हसली. का हसली ते कळलं नाही, पण मीही हसलो.

शिवरात्रीची गर्दी ओसरली होती. गुरवाने निवांत दर्शन घेऊ दिलं. त्याला नाव सांगितलं तर तो म्हणाला, "बाबा, हे नाव तुम्ही बरोबर देवापुढे आणलंत. विष्णूने महादेवाला हजार कमळं वाहायची ठरवली. एक कमी पडलं. तेव्हा आपला डोळाच काढून वाहिला. महादेव प्रसन्न झाले आणि चक्र दिलं, तेच सुदर्शन." मी पायरीवर खाली बसलो. नातू शिवरात्रीनंतर दोन दिवसांनी जन्मला. विष्णूचं हत्यार, महादेवाने दिलेलं, आणि शिनोलीच्या हौशीरामला अंघोळ करताना सापडलेलं! हे सगळं मी परतीच्या गाडीतही सांगितलं. नावासकट सांगितलं, कारण नावाशिवाय त्या गोष्टीला अर्थच राहत नाही.

रात्री जेवण गेलं नाही. आनंद झाला की मला काळजी वाटते.

५ मार्च

आमच्या शेतात, पोटमळ्यात, बहिरूची मेंढरं बसली आहेत. बहिरू माझा लहानपणचा दोस्त. तो वर्षातून दोन महिने इकडे असतो, बाकी रानोमाळ. त्याला नाव सांगायला हरकत नाही, कारण तो कुणाशी बोलत नाही. नुसता मेंढरांशी बोलतो.

ऐकून म्हणाला, "दर्शन चांगलं त्यो सुदर्शन. वा राव! लई ग्वाड." आणि बराच वेळ एका दांडग्या मेंढ्याकडे बघत राहिला.

६ मार्च, शुक्रवार

नाव चोरीला गेलं.

शेजारच्या धोंडाबाईच्या लेकीला मागच्या महिन्यात दुसरा मुलगा झाला, त्याचं आज बारसं होतं. प्रयागबाई गेली होती. मी ओट्यावर लसूण सोलत बसलो होतो. भिंतीपलीकडून बायकांचा गलका ऐकू आला, मग आत्याच्या पाठीत धपाटे पडल्याचा आवाज, आणि मग सगळ्या एकदम, "सुदर्शन!"

लसणाचं सूप माझ्या मांडीवरून खाली पडलं.

मी तसाच त्यांच्या दारात गेलो. "धोंडाबाई, हे नाव तुला कुनी दिलं?"

"कुनी द्याचंय? गावात समदी म्हनत्यात, लई चांगलं नाव हाय म्हनून."

"आगं, तुझ्या नातवाचं अक्षर तर र हाय!"

"अक्षर घिऊन काय चाटायचंय? अर्थ बगा की भाऊ! ज्याचं दर्शन चांगलं त्यो!"

माझाच अर्थ! शब्द न् शब्द! तिला कुणी सांगितला? घरी येऊन एकेकाचा विचार केला. गुरुजी शिकलेले, ते बोलणार नाहीत. त्यांच्या मंडळी सोज्वळ. पेपरवाले दोघे धोंडाबाईचे भाचे लागतात, ते घरच्या माणसाचं वाईट करणार नाहीत. काहीच कळत नाही. गावात कुणीतरी आहे, जो माझ्या मागे मागे फिरून ऐकतो आहे.

७ मार्च

बहिरूने मेंढ्याचं नाव सुदर्शन ठेवलं. म्हणाला, "नातू न्हाई मला, मंग काय करू? ह्यो बी दिसायला चांगला हाय."

मी त्याच्याशी भांडलो. मेंढा मध्ये येऊन उभा राहिला.

प्रयागबाईला सांगितलं तर ती हसता हसता जात्याजवळ खाली बसली. पदर तोंडात कोंबून पुन्हा पुन्हा विचारत होती, "हाक मारल्यावर येतो का वो त्यो?" येतो. हेच तर दुःख आहे.

८ मार्च, रविवार

दाढी करायला गेलो तर भागूच्या टपरीवर नवीन पाटी. ताज्या निळ्या रंगात, 'सुदर्शन केशकर्तनालय'.

भागू म्हणाला, "बसा आबा. तुमीच तर अर्थ सांगितला. मानूस आत येतो तवा कसा बी आसतो, भाईर जातो तवा त्याचं दर्शन चांगलं. आमचा धंदाच त्यो!" अर्थ तर बरोबर लावला आहे त्याने. म्हणून भांडताही येईना. त्याने दाढी फुकट केली.

त्यात आरशासमोर बसलेलं एक गिऱ्हाईक म्हणालं, डिंभ्याकडे त्याच्या साडूच्या पोराचं काल हेच नाव ठेवलं. एस.टी.त कुणीतरी सांगत होतं म्हणे.

म्हणजे चोर एस.टी.नेही फिरतो.

९ मार्च

दादाभाऊ भोसरीहून रजा घेऊन आला. पेढे आणले. कारखान्यात सगळ्यांना वाटून उरलेले. एवढा खूश त्याला मी कधी पाहिला नाही. जेवताना दोनदा उगाच हसला. त्याला हे सगळं कसं सांगू?

दिवसभर दुसरं नाव शोधलं. सुलोचन. सुमंत. सुकुमार. तिन्ही चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवली आहेत. वाचली की तोंडात माती आल्यासारखं वाटतं. ती नुसती नावं आहेत. सुदर्शन म्हटलं की मला पोरगं दिसतं.

उद्या भगवंत सगळ्या पाहुण्यांसमोर विचारणार, पाच गावांत नसलेलं नाव कुठे आहे? आणि पुष्पा आतून ऐकणार. सात वर्षांनी तिचा एक दिवस आला, आणि तो मी घालवला.

मी प्रयागबाईला म्हणालो, "त्यो चोर मला एकदा घावू दे."

ती म्हणाली, "दावू का? मोरीवरच्या आरशात बगा जा."

मी आरशात बघून आलो. तिथे कुणी नव्हतं. हिला अशा वेळी थट्टा सुचते.

१० मार्च, मंगळवार

आजचं आजच लिहितो.

सकाळच्या गाडीने चौघं निघालो. मी, प्रयागबाई, दादाभाऊ आणि सुंदरा. नारायणगावला गाडी बदलली, आळेफाट्याला पुन्हा बदलली. सुंदरा वाटेत सारखी विचारत होती, "आबा, नाव सांगा की आता. आयत्या वेळी मी गडबडंन." मी म्हणत होतो, "पोचल्यावर." पिंपरी पेंढारला उतरलो तरी मी सांगितलं नव्हतं.

भगवंतच्या दारात मांडव. पंचवीस-तीस माणसं. भगवंतने मिठी मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "या पावणं! आणलं का पाच गावांत नसलेलं?" मी म्हणालो, "आधी पोराला बघू द्या."

विहीणबाई झुंबरबाईंनी मला बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत नेलं. आत शेगडीवर ओवा टाकलेला, धुराने डोळे चुरचुरले. पुष्पाने डोक्यावर पदर घेतला आणि बाळ माझ्याकडे वळवलं.

खरं लिहितो. दिसायला तो सुदर्शन मुळीच नाही. लाल माकडासारखा. कानांवर केस. डोकं चोखलेल्या कोयीसारखं लांब. त्याने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं आणि जांभई दिली. आणि मला काय झालं कोण जाणे, एवढं चांगलं दर्शन मी भीमाशंकरलाही घेतलं नव्हतं. देव माफ करो. मी चौकट धरून उभा राहिलो.

"पुष्पा," मी म्हणालो, "एक वाईट बातमी हाय."

"नाव फुटलं. त्येच ना?"

"तुला कुनी सांगितलं?"

"आतापातूर चौघींनी. परवा वतूरची मावशी आलती. म्हनली, शिनोलीचा कुनी म्हातारा नातवापायी नाव इचारत फिरतोय. पोराटोरांना इचारतो, गाडीत इचारतो, देवळात इचारतो. नाव लई चांगलं हाय, तिनं तिच्या पुतन्याच्या पोराला ठिवलं बी."

"म्हंजे चोर वतूरपातूर पोचला!"

यावर ती अशी हसली की पोटाला हात लावून, "मामा, नगा, दुखतंय," म्हणायला लागली. बाळ दचकलं. मला वाटलं, बरं वाटावं म्हणून हसते आहे. मी खिशातली चिठ्ठी काढली. "दुसरी तीन आणलीत. सुलोचन बघ. सुमंत बी बरं हाय. तिसरं मलाच आवडत न्हाई."

तिने चिठ्ठी घेतली नाही. हसणं थांबलं.

"मामा, सात वर्सं मला कुनी पाळन्याजवळ हुबं केलं न्हाई. धोंडाबाईच्या पयल्या नातवाचं बारसं व्हतं तवा मी झबलं शिवून न्येलं. तिनं झबलं घेतलं आन् म्हनली, तू वट्यावर बस. समद्या आत, मी एकली भाईर. तवा तुमी घरातनं हाक मारली. पुष्पा, माझा चष्मा घावत न्हाई, ये बगू. मी आले, तर चष्मा तुमच्या डोळ्यावरच व्हता."

मला हे आठवत नाही. चष्मा मी रोजच शोधतो.

"आन् आता त्याच धोंडाबाईनं माझ्या पोराचं नाव न्येलं. इचारलं बी न्हाई. वतूरच्यांनी न्येलं, डिंभ्याच्यांनी न्येलं. नेऊ द्या की मामा! अजून चार जनींना नेऊ द्या." तिने बाळाच्या कपाळावरचं काजळ बोटाने सारखं केलं. "नाव त्येच ठिवायचं."

"पर भगवंतराव..."

"दादांना मी बगते. तुमी वन्संना सांगा."

मी अंगणात आलो आणि सुंदराच्या कानात नाव सांगितलं. ती म्हणाली, "आवं आबा, हे तर आमच्या घोडेगावात बी..." मी तिचं तोंड दाबलं.

बायकांनी पाळणा बांधला. आधी वरवंट्याला टोपडं घालून त्यात निजवला. मग बाळाला पाळण्याखालून आणि वरून, या हातातून त्या हातात दिलं, "गोविंद घ्या, गोपाळ घ्या." आम्ही पुरुष मांडवात माना लांब करून बसलो. सगळ्यांत पुढे, पाळण्याच्या अगदी दोरीशी पुष्पा उभी होती. सुंदरा वाकली, "कुर्रर्र," आणि कानात नाव सांगितलं. त्याबरोबर सगळ्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. सगळ्यांत जोराचा धपाटा पुष्पाचा होता. सुंदरा ओरडली, "आगं मेले, पाठ मोडली! सुदर्शन! सुदर्शन! सोडा आता!"

मांडवात दोन-तीन माणसं हसली. भगवंत माझ्याकडे वळला. "पावणं, सुदर्शन? आमच्या वरल्या आळीत परवाच ठिवलंय की. पाच गावांत नसंल म्हनला व्हता न्हवं?"

मी खिशातली चिठ्ठी चाचपली. पण आतून, एवढ्या माणसांत बापापुढे कधी न बोललेली पुष्पा मोठ्याने बोलली, "दादा, त्यांनी आमचं बगून ठिवलंय!"

बायकांत असा हशा पिकला की पाळण्यात बाळ रडायला लागलं. आणि मला एकदम धीर आला. मी म्हणालो, "पावणं, म्या बोललो तवा न्हवतंच. आता हाय."

भगवंतने माझ्याकडे पाहिलं, मग डोक्यावरची टोपी काढून हसला. हे हसणं मला लागलं नाही. त्याने स्वतःच्या हाताने माझ्या ताटात दुसरी पुरणपोळी वाढली. दादाभाऊ पाळण्याजवळून हलायलाच तयार नव्हता. त्याला जेवायला ओढून आणावं लागलं.

प्रयागबाई येताना गाडीत माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. चारचौघांत. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

१३ मार्च

काल होळी झाली. चोराचा विचार अजून जात नाही. पण आता तो सापडला तर त्याला पुरणपोळी खायला घालावी असं वाटतं.

१६ मार्च, सोमवार

आज एक नवल झालं. गिरवलीचा एक माणूस पत्ता विचारत घरी आला. नात झाली आहे, अक्षर द आलं आहे, "तुमी नाव शोधून देता म्हनं." मी म्हणालो, मी कोण देणारा? पण बसा, चहा घ्या. तो गेल्यापासून विचार करतो आहे. उद्या भागूला आडून विचारावं म्हणतो.

आणि पुष्पाला कार्ड टाकलं. अक्षर बरं आलं आहे म्हणून त्याची नक्कल इथे करून ठेवतो.

"चि. सौ. पुष्पा हिस हौशीरामाचे अनेक आशीर्वाद. आम्ही खुशाल आहोत. कांदा काढायला आला. तुझी सासू दुपटी शिवते आहे, सात झाली, अजून शिवते आहे. मी म्हणालो पुरे, तर म्हणते तुम्हाला काय कळतं.

इकडे सुदर्शन आता सहा झाले. त्यात बहिरूचा मेंढा धरला आहे, भागूचं दुकान धरलेलं नाही. धोंडाबाई परवा ओट्यावर येऊन बसली आणि पुष्पा कधी येणार म्हणून विचारत होती. दोन्ही सुदर्शनांना एकत्र तीट लावू म्हणते. मी म्हणालो, सुनेला विचारून सांगतो. काय सांगू ते लिही.

सुदर्शनचं डोकं आता गोल झालं का? नसेल झालं तरी घाई नाही. दूध पितो का, शिंकतो का, नावाने हाक मारल्यावर मान वळवतो का? मेंढा वळवतो, म्हणून विचारलं. काळजी नाही, पण रात्री झोप येत नाही. सव्वा महिना कोणत्या तारखेला भरतो ते भगवंतरावांना पंचांगात पाहायला सांग. मी स्वतः न्यायला येईन. एस.टी.त खिडकीपासून लांबची जागा धरीन.

आमच्याकडे टपाल अकराला येतं. मी दहापासून ओट्यावर बसतो. दोनच ओळी लिही, पण लवकर कळव."